घोंगडीत नेलेलं रक्त

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आजारावर डॉक्टरांनी लिहावं, नाहीतर ज्यांनी फार मोठं काही सोसलं त्यांनी. मी शेंद्र्याजवळच्या एका धनगरवस्तीतला, घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेला मुलगा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि हे लिहिताना लाज वाटते, कारण हिशेबानं एव्हाना माझी पदवी पुरी व्हायला हवी होती. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. तरी लिहितो, कारण मी ज्या खाटेवर होतो तिथं आज दुसरा कुणीतरी असेल आणि त्यालाही डॉक्टर सांगत असतील की काही सापडत नाही. हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. तापापेक्षा त्यानंच मला जास्त थकवलं.

माझं नाव खंडू.

*

लहानपणापासून माझे कान वाहायचे. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नसे, कारण वास यायचा. पावसाळा सरला की छाती भरायची. मांडीवर, पाठीवर गळवं उठायची. एक बसलं की दुसरं. वस्तीवरची बाकीची पोरं त्याच पाण्यात डुंबत, तीच धूळ खात, आणि मेंढरांमागं पळत. मी कांबळ्यात.

याचं कारण आमच्या घरात ठरलेलं होतं. आम्ही मेंढपाळ. कोकरू जन्मलं की तासाच्या आत त्याच्या तोंडात आईचा चीक गेलाच पाहिजे, मग पाऊस असो की अंधार. बा रात्रभर मेंढीपाशी बसायचा, पण चीक चुकू द्यायचा नाही. ज्या कोकराला चीक मिळाला नाही ते जगलं तरी रोगट राहतं, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण बाईचा चीक मात्र आमच्यात अपवित्र धरतात. बाळ झालं की तीन दिवस गुळाचं पाणी, आणि आईचं पहिलं दूध पिळून मातीत. माझ्या वेळी घरातल्या बायकांनी मायला तसंच करायला लावलं. मी सारखा आजारी पडू लागलो तेव्हा बाला एकदम कोकराची गोष्ट आठवली. ज्यांनी सांगितलं त्या बायकांना कुणी काही म्हणालं नाही. माय दोषी धरली गेली.

"चीक न पाजलेलं हाय ते. उभं कसं ऱ्हाईल?" एवढंच बा म्हणायचा, तेही चारचौघांत. माय उत्तर द्यायची नाही. पण आमची गाय व्याली की तिचा चीक ती शेजारी वाटून टाकायची. आमच्या घरात खरवस कधी शिजला नाही. मी तो पहिल्यांदा कॉलेजच्या मेसमध्ये खाल्ला.

*

बारावी झाल्यावर मी मुकुंदवाडीत खोली घेतली. भाडं अर्धं माझं, अर्धं सिद्धार्थचं. तो जालन्याकडचा, एम.ए. करणारा आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या कामात बुडालेला. आमच्या वस्तीवर नामांतराला विरोध होता, म्हणून मी त्याच्यासोबत राहतो हे वस्तीवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, ते माझं भेकडपण होतं.

खोलीच्या पलीकडं चिकलठाण्याचे कारखाने. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की आम्ही उठायचो. बा मेंढरं घेऊन ज्या माळावर यायचा तिथं आता तारेचं कुंपण होतं. पहिल्या वर्षी मला दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्यांदा परीक्षा बुडाली. तेव्हा बा खोलीवर आला, खाटेवर न बसता उंबऱ्यावर बसला आणि त्यानं निकाल दिला.

"भिंतीत कोंडून घेतलंस, धूर खातोस, म्हणून पडतोस. मेंढरामागं चल. उघड्यावर धड होशील."

मी म्हणालो, मला काहीतरी आजार आहे, तो सापडायचा आहे.

त्यानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "बरं. डाक्टरनं रोग सांगितला, त्याचं नाव सांगितलं, तर ऱ्हा. नाय सांगितलं, तर पुढच्या परीक्षेचा फारम भरायचा नाय."

माझं पुढचं सगळं या एका अटीवर आलं. रोग निघावा म्हणून देवाला हात जोडणारा मुलगा तुम्ही पाहिला नसेल. मी तो होतो.

*

पुढच्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा भरती झालो. या वेळी छातीत पू झाला होता. बरगडीतून नळी घातली. नळी खाटेखालच्या बाटलीत, आणि मी हललो की बाटलीत बुडबुडे. पहाटे पाचला पारा लावायला येत, सहाला झाडू, नऊला मोठे डॉक्टर. मोठे डॉक्टर माझ्या खाटेशी अर्धा मिनिट थांबत आणि माझ्याशी न बोलता माझ्या कागदाशी बोलत.

आधी सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. थुंकीत क्षय कधी सापडला नव्हता, पण दुसरं काय असणार म्हणून दिल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल झाली, बाकी काही झालं नाही. आता डॉक्टरांनी "त्या" रोगाची तपासणी करायला रक्त घेतलं. त्याचं नाव तेव्हा कुणी मोठ्यानं घेत नसे. एक शिकाऊ डॉक्टर सगळ्यांसमोर मला विचारू लागला, बाईकडे गेला होतास का, किती वेळा. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तोंड फिरवलं. माय डबा घेऊन दारातच उभी राहिली होती. तिनं ऐकलं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. तो रिपोर्ट चांगला आला, पण चार दिवस माझं ताट वेगळं ठेवलं होतं. ते पुन्हा एकत्र करायची कुणाला आठवण झाली नाही. मीच उठून ठेवलं.

बरं वाटायच्या गोष्टीही होत्या, त्या सांगितल्या नाहीत तर खोटं होईल. शेजारचे आजोबा नंतर रोज अर्धं संत्रं द्यायचे. सिद्धार्थ मोर्चातून थेट यायचा, घामेजलेला, आणि वर्गातल्या नोट्स वाचून दाखवायचा. एम.ए. मराठीचा माणूस प्राणिशास्त्र वाचायचा, उच्चार चुकवायचा. मी हसलो की नळी दुखायची.

आणि नसरीन मॅडम. त्या वॉर्डातल्या सगळ्यात तरुण डॉक्टर. त्यांनी एका दुपारी खाटेवर बसून मला जन्मापासूनचं सगळं विचारलं, आणि लिहून घेतलं. कान, गळवं, छाती. शेवटी म्हणाल्या, "अरे, हे तीन आजार नाहीत. एकच आहे. मिळत नाही म्हणून नसतो असं थोडीच आहे."

*

बा भेटायला आला त्या दिवशी मॅडमनी आम्हाला रक्तपेढीच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं एका बाटलीत गढूळ पाणी होतं. त्यांनी बाला विचारलं, हे कशाचं असेल. बानं वास घेतला.

"हुलग्याचं."

"बरोबर. हुलगे भिजवून, वाटून, गाळलेलं."

रक्ताचे गट पाहायला ते वापरतात, असं त्या म्हणाल्या. बाच्या बोटातून थेंब काढला, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवला, त्यात हुलग्याचं पाणी टाकून फरशी हलवली. बघता बघता रक्त फाटलं, बारीक कण्या झाल्या. माझ्या थेंबाला काहीच झालं नाही. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस, हा फक्त गटाचा फरक आहे, तुझा आजार नाही.

मग त्यांनी समजावलं. पेशींच्या अंगावर साखरा असतात, चहातली नव्हे, तिच्या भाऊबंद. हुलग्यातलं एक प्रथिन त्यातली एकच साखर ओळखतं आणि तिला चिकटतं. बाच्या रक्तावर ती आहे, माझ्या रक्तावर नाही. असंच एक प्रथिन माणसाच्या स्वतःच्या रक्तातही असतं. ते जंतूंच्या अंगावरची साखर ओळखतं, जंतूला चिकटतं, आणि मग शरीर त्याच्यावर तुटून पडतं. माझ्या रक्तात ते प्रथिन नसावं असा त्यांचा अंदाज होता. इथं ते मोजता येत नव्हतं. मुंबईत एका संशोधन संस्थेत त्यांची मैत्रीण होती, ती मोजू शकत होती.

बा फरशीकडं बघत होता. "म्हंजी मेंढरांच्या वाड्यावर कुत्रं नाय. लांडगा आला तरी भुंकत नाय कुणी."

मॅडमनी फरशी पुसली. "कुत्री बरीच असतात, चाचा. पण सगळ्यात आधी भुंकणारं तेच."

तुलनेसाठी घरातल्या माणसाचंही रक्त लागेल म्हटल्यावर बानं बाही वर केली. त्याला वाटलं, धडधाकट माणसाचं रक्त पाहिजे आहे. "माझं घ्या. जन्मात एक दिस आजारानं पडलो नाय मी," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

*

पहिला नमुना वाया गेला. रक्त गोठल्यावर जे पाणी सुटतं, डॉक्टर त्याला सीरम म्हणतात, ते बर्फात ठेवूनच न्यावं लागतं, ऊब लागली की ते मरतं. एका ओळखीच्या माणसाबरोबर जीपनं पाठवायचं ठरलं होतं. त्या दिवशी बंद निघाला. नामांतर करा म्हणणाऱ्यांचा होता की करू नका म्हणणाऱ्यांचा, हे आता मला आठवत नाही. ते वर्ष दोन्हीकडच्या बंदांचं होतं. जीप रस्त्यात सहा तास अडकली, बर्फाचं पाणी झालं. मुंबईहून निरोप आला, दुसरं पाठवा.

मी सिद्धार्थवर चिडलो. तुमच्या बंदापायी माझं वर्ष जाणार, असं म्हणालो. बंद त्यांचा होता की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तो शांतपणे भाकरी खात राहिला आणि म्हणाला, "माझी आई पंधरा-सोळा वर्षं एका बातमीची वाट बघतीय. तू दोन महिन्यांत किंचाळतोस."

मी भिंतीकडं तोंड केलं.

बानं आणि मी दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा माझी नळी निघाली होती, मी खोलीवर आलो होतो. मॅडम स्वतः सुट्टीवर मुंबईला निघाल्या होत्या. पण सकाळी रक्त घेताना बर्फ मिळाला नाही, म्हणून त्या स्टेशनवर पुढं गेल्या, आणि मी व बानं मुकुंदवाडीच्या बर्फवाल्याकडून बर्फ घेऊन, त्यात रक्ताच्या नळ्या ठेवून, दुपारच्या गाडीला डबा आणून द्यायचा असं ठरलं. आम्ही बर्फ भरला आणि बाहेर आलो तर रिक्षा नाही, बस नाही. पुन्हा रस्ते अडवलेले.

सिद्धार्थ म्हणाला, रस्त्यानं जाऊ नका, रुळांच्या कडेनं जा.

उन्हाळ्याची सुरुवात होती. डबा पत्र्याचा. मी तो डोक्यावर घ्यायला गेलो तर बानं खांद्यावरची घोंगडी काढली आणि डबा तिच्यात गुंडाळायला लागला, एक फेर, दोन फेर. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो की घोंगडी गरम असते, आत बर्फ आहे, तुम्हाला काही कळत नाही. बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो.

बानं गाठ मारली. "घोंगडी गरम नसती. जे आत हाय ते आत ठिवती. थंडीत कोकराची ऊब ठिवती. चल."

सबंध वाट मी त्याच्या मागं धुसफुसत चाललो. माझी छाती फुलत होती, दर फर्लांगाला थांबावं लागत होतं. तो मागं न बघता थांबायचा, मेंढरासाठी थांबतो तसा, आणि मी उठलो की पुन्हा चालू लागायचा. ते डबडं त्यानं पोटाशी धरलं होतं. मला खात्री होती की तो माझं वर्ष पोटाशी धरून वितळवतो आहे.

स्टेशनवर मॅडमनी गाठ सोडली. बर्फाचे खडे तसेच, कडा फक्त जराशा गोल झालेल्या. मी शास्त्राचा विद्यार्थी. उष्णतेचं वहन हा धडा मी पाठ केला होता, त्यावर मला चांगले मार्क होते. मॅडम बाला म्हणाल्या, "घोंगडी पण द्या, चाचा. परत आणून देते." बानं दिली.

*

मग वाट पाहणं. याबद्दल काय लिहू. तीन महिने होतील म्हणाले, तीनाचे कितीतरी झाले. पोस्टमन मला पाहून लांबूनच हात हलवायचा. वस्तीवर बातमी पसरली होती की खंडूला साखरेचा आजार झाला. माय चहात साखर टाकेना. मी खुलासा केला की तो आजार वेगळा. लोक माना डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे, साखर किती आली. परीक्षेच्या फॉर्मची मुदत जवळ येत होती. मी मॅडमकडं इतक्या वेळा गेलो की वॉर्डातली आया मला बघून म्हणायची, "आला बघा मुंबईचा जावई."

त्यातच नामांतर झाल्याची बातमी आली. सिद्धार्थ दारात उभा होता. त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला. बाहेर कुठं गुलाल होता, कुठं दारं बंद होती. गावांकडून वाईट बातम्याही येत होत्या. मी पेढा खाल्ला. खरं सांगतो, मला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्याचा हेवा वाटला. त्याच्या आईची बातमी आली, माझी नाही.

*

मुंबईचं पत्र आलं त्या दिवशी बा शहरात होता. मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून वाचलं. माझ्या रक्तात ते प्रथिन जवळजवळ नाही. माझ्या रक्तातल्या पाण्यात पावाचं खमीर टाकून त्यांनी पाहिलं, जंतू खाणाऱ्या पेशी त्याला हात लावेनात. चांगल्या माणसाच्या रक्तातलं पाणी थोडं घातलं, की लगेच खाऊ लागल्या.

मी श्वास सोडला. नाव मिळालं होतं, पत्रात इंग्रजीत टाइप केलेलं.

मग मॅडमनी पान उलटलं. "चाचा, तुमच्या रक्तातही नाही. मुलाइतकंच कमी आहे."

बानं पानाकडं बोट केलं. "माझ्या वाड्यावर बी कुत्रं नाय?"

"नाही."

"मग लांडगा माझ्याकडं का आला नाय?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, असं रक्त असलेली पुष्कळ माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात, काहींना मात्र लहानपणापासून त्रास होतो. असं का, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. औषध नाही. ताप आला तर दिवस न घालवता यायचं, बस.

आता बा काय म्हणणार ते मला दिसत होतं. रक्त एकच, मी उघड्यावर राहिलो आणि धड आहे, तू भिंतीत राहिलास आणि पडलास. रोगाचं नाव मिळालं आणि त्याच पत्रात माझी बाजू हरली होती. इतका त्रास करून मी त्याच्याच हातात पुरावा दिला होता.

पण त्यानं एकच विचारलं. "म्हंजी चिकाचं नव्हतं?"

"चिकाचं नव्हतं. हे जन्माआधीचं. आईबापाकडून येतं. इथं तर तुमच्याकडून आलेलं दिसतंय."

बानं पटका डोक्यावर नीट केला. घोंगडी, जी मॅडमनी धुऊन ठेवली होती, खांद्यावर टाकली आणि बसस्टँडकडं निघाला. कॉलेजबद्दल एक शब्द नाही. मी मागं गेलो नाही. फॉर्मला चार दिवस उरले होते.

*

तीन दिवस मी खोलीत पडून होतो. ताप नव्हता. सिद्धार्थ म्हणाला, तू भर फॉर्म, बघू पुढचं पुढं. मी म्हणालो, अट मी मान्य केली होती. तो चिडला. "तुझ्या बापानं नाही म्हटलंय का?" नाही. "व्हय म्हटलंय का?" नाही. "मग कशाला मेल्यागत पडलास?" मला त्याला सांगता येईना की आमच्यात गप्प राहणं म्हणजे नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कडुबामामा आले. ते आमच्या वस्तीवरचे, रोज मुकुंदवाडीत दूध घालतात. सायकल भिंतीला लावून त्यांनी आधी सिद्धार्थला खालून वर पाहिलं, मग मला.

"तुझा बा काल देवळाफुडं बोलला. सगळे बसले व्हते. म्हणला, पोराच्या रक्तात जे नाय ते माझ्या बी रक्तात नाय. माझ्याकून गेलंय. त्याच्या मायचा काय बी दोष नाय, म्या वीस वर्सं उगाच बोललो." मामांनी टोपी मागं सारली. "येड्यावाणी. कुणी इचारलं बी नव्हतं त्याला."

मी विचारलं, अजून काही म्हणाले का.

"व्हय. फारम भर म्हणला. आन ताप आला तर मॅडमकडं जाय, कॉलेजात बसून ऱ्हाऊ नको." मग त्यांनी सायकलच्या हँडलची लहान किटली काढली, तिच्यावर ओलं फडकं बांधलेलं. "आन ही तुझ्या मायनं दिली. गाय व्यालीय तुमची. यंदा शेजारी कुणाला दिला नाय म्हणं. चीक हाय, गूळ घालून शिजव."